माझ्या तिसऱ्या पात्यावरची ओळ

मित्रांनो, आधी एक विनंती. माझी गोष्ट वाचताना वर बघू नका. मला लाज वाटते.

मी एक जुना छताचा पंखा आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका प्राथमिक शाळेत, पाचवीच्या वर्गात, मधल्या रांगेच्या बरोबर डोक्यावर लटकतो. दुसऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना किती मिरवतात! छत्री मिरवते, कंदील मिरवतो, फाटकी चप्पलसुद्धा मिरवते. मिरवण्यासारखं माझ्याकडेही थोडंफार आहे, ते मी मध्ये मध्ये सांगेनच, राहवणार नाही. पण मी बोलायला बसलोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. माझ्यामुळे एका बाईला सगळ्या शाळेसमोर चोर म्हटलं गेलं. भल्या बाईला! आणि मी छतावरून सगळं पाहत गरगर फिरत राहिलो.

तर सुरुवातीपासून सांगतो.

माझं माहेर गोंदिया. म्हणजे जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला असेल, पण मला आठवतं ते गोंदियाच्या बाजारातलं दुकान. तिथून मला बंडोपंत गुरुजींनी आणलं. गुरुजी या शाळेतून निवृत्त होत होते आणि जाताना शाळेला काहीतरी द्यायचं त्यांच्या मनात होतं. बसमध्ये माझा गोळा त्यांनी मांडीवर घेतला आणि तिन्ही पाती वर्तमानपत्रात गुंडाळून पायाशी ठेवली. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, इसका भी टिकट लगेगा." गुरुजी म्हणाले, "लगाओ ना. अर्धं लावा, लहान आहे अजून."

आमच्याकडे एक रीत आहे. देवळाला, धर्मशाळेला, शाळेला कोणी पंखा दिला की त्याचं नाव पात्यांवर रंगवतात. गुरुजींनीही पेंटरला बोलावलं. पहिल्या पात्यावर 'सप्रेम भेट'. दुसऱ्यावर 'बंडोपंत गुरुजी'. आणि तिसऱ्यावर त्यांनी एक ओळ सांगितली. पेंटर हसायला लागला.

"गुरुजी, हे चालू पंख्यावर कोण वाचन?"

"चालू असताना नाहीच वाचायचं. थांबला की वाचतील."

ती ओळ कोणती, हे मी तुम्हाला शेवटी सांगेन. आत्ता सांगायची माझी हिंमत नाही.

सुरुवातीची वर्षं काय सांगू, मित्रांनो! माझ्या खालची जागा मिळावी म्हणून भांडणं व्हायची. पोरं मैदानावरून घामाघूम येऊन माझ्याखाली उभी राहायची आणि तोंड वर करून 'आऽऽऽ' करायची, कारण माझ्या वाऱ्यात आवाज कापरा होतो. एकदा तर मी तपासणीला आलेल्या साहेबांचे कागद असे उडवले की साहेब बाकांखाली शिरले! आणि शाळा सुटली की मला बंद करायचे. मग पोरं दप्तर भरता भरता माझी पाती मोठ्यानं वाचायची. शाळा हिंदी आणि मी मराठी लिहिलेला, त्यामुळे अडखळत वाचायची. मला फार छान वाटायचं.

मग माझा कंडेन्सर गेला. कंडेन्सर म्हणजे माझ्या गळ्याशी असलेला काडेपेटीएवढा डबा. तो बिघडला की पंखा आपला आपण सुरू होत नाही. बटण दाबलं की मी नुसता 'घूंऽऽ' करून कण्हायचो. तो बदलायला दहा मिनिटं पुरतात. पण दहा मिनिटांचं काम कोण करतो? एका मुलानं कोळ्यांची जाळी काढायचा बांबू घेतला, माझ्या पात्याला खालून टोचा दिला, आणि मी लागलो फिरायला. सगळे खूश. "चालते ना! मग झालं." मित्रांनो, आपल्या लोकांचं हे असंच असतं. मोडलेलं दुरुस्त नाही करायचं, मोडलेल्याबरोबर राहायला शिकायचं.

बांबूचं काम मागच्या वर्षी पौर्णिमाकडे आलं. ती तेव्हा चौथीत होती आणि चौथी-पाचवी एकाच वर्गात बसते. शाळेत सगळ्यात उंच तीच, आणि तिच्या उंचीवरून पोरं तिला 'टॉवर' म्हणायची. पण बांबू हातात आल्यावर टॉवरचा भाव वाढला. मला सुरू करणं एवढं तिलाच जमायचं, एका टोच्यात. ती खालून म्हणायची, "चल रे माह्या राजा," आणि मी चालायचो. तिच्यासाठी तर मी उडालोसुद्धा असतो!

एक दिवस मोठे गुरुजी, म्हणजे मोतीलाल सर, वर्गात आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ये अभी तक लटका है? इसको भंगार में दो, नया माँगते हैं."

माझी पाती गार पडली. आणि ही पोरगी उठून उभी राहिली.

"नाही सर! एकदा सुरू झाला की एकदम चांगला चालते. बंदच नाही करायचा, मग सुरू करायची झंझटच नाही."

सर हसले. "ठीक है, तेरी जिम्मेदारी."

त्याच दुपारी तिनं माझ्या बटणावर लाल टेपची पट्टी आडवी-उभी चिकटवली आणि वर कागद लावला, 'हाथ मत लगाना. पौर्णिमा'. मग वर बघून हळूच म्हणाली, "आता तुले कोणी बंद नाही करन."

त्या दिवशी मला जो आनंद झाला ना, त्याचीच आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कारण त्यानंतर मी थांबलोच नाही. शाळा सुटली, मी चालू. कुलूप लागलं, मी चालू. रविवार, दिवाळीची सुट्टी, मी चालूच. लाइट गेली तरच थांबायचो, आणि मग पौर्णिमा येऊन बांबू लावायची. पहिले काही दिवस मी अगदी राजासारखा फिरलो. मग एका रविवारी मी खाली बघितलं. खाली बाकं होती. नुसती बाकं! मी लाकडाला वारा घालत होतो. मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे, उद्या सोमवार आहे. असं म्हणत म्हणत वर्ष गेलं. पात्यांवर एवढी धूळ बसली की नाव-गाव सगळं झाकून गेलं.

यंदा शाळेत आशालता मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाहेर एवढं ऊन आहे आणि आत दोन-दोन ट्यूबलाइट कशाला?" मग मॅडमनीच बोट दाखवलं. दोन्ही खिडक्यांपुढे कपाटं होती! कोणी कधी ठेवली, देवाला ठाऊक. सगळ्या पोरांनी मिळून कपाटं ढकलली, मागे पालींची तीन घराणी सापडली, किंचाळ्यांनी शाळा डोक्यावर घेतली, आणि वर्गात ऊन आलं. ट्यूबलाइट बंद. मग पोरांना चेवच चढला! 'बिजली बचाव टोली' तयार झाली. पौर्णिमा तिची कप्तान. सुट्टी झाली की टोली बटणांवरून फिरायची. पौर्णिमा बटण बंद करायची आणि राहुल वहीत टिक करायचा. आमच्या वर्गात बटणं अकरा. टिका दहा.

अकरावं पट्टीचं. त्याला बटण कोण म्हणतं?

मग मॅडम म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी मीटर वाचा, सोमवारी सकाळी परत वाचा. मधे शाळा बंद असते. आकडा तोच राहायला हवा." मीटर ओसरीत, माझ्या दाराबाहेरच आहे. सोमवारी पौर्णिमा ओरडली ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"मॅडम! तीन युनिट वाढले! कोणीतरी चोरलं!"

मित्रांनो, मी वर फिरत होतो. तीन युनिट कोणी खाल्ले हे त्या शाळेत एकट्या मला माहीत होतं.

राहुलनं विचारलं, "रविवारी चावी कोणाकडं राह्यते?"

चावी राहायची मैनाबाईंकडे. मैनाबाई आमच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवतात. त्यांचं घर शाळेच्या भिंतीला लागून, म्हणून चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. रविवारी त्या शाळेच्या वाफ्यातल्या भाजीला पाणी घालायला येतात, पगारात नसताना. पोरं त्यांना मैनामाय म्हणतात. कोण वांगं खात नाही, कोण सकाळचा उपाशी आलाय, हे त्यांना ताट बघून कळतं. पौर्णिमाला तर वरून दोन पोळ्या: "खाय वं, तुले लांबी भरून काढाची हाये."

पण टोलीनं तपास केला. स्वयंपाकघराच्या खिळ्यावर मोबाइलचा चार्जर लटकलेला सापडला. झालं! आशालता मॅडम म्हणाल्या, "घाई करू नका, आधी नीट शोधा." पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर टोलीचा अहवाल वाचायचा होता, आणि पौर्णिमा आता धडाधड बोलायला शिकली होती. तिनं ओसरीवर उभं राहून सगळ्या शाळेसमोर वाचलं, "रविवारी शाळेत बिजली चोरी झाली. चावी फक्त मैनामायजवळ होती. तिथं चार्जर सापडला."

मॅडमनी तिला थांबवलं, पण वाक्य वाचून झालं होतं. समोर स्वयंपाकघराच्या दारात मैनाबाई दुधी चिरत बसल्या होत्या. विळी थांबली. सगळ्या पोरांच्या माना तिकडे वळल्या.

मैनाबाई उठल्या, हात पदराला पुसले, आल्या आणि मोतीलाल सरांच्या हातात चाव्या ठेवल्या. "घ्या सर. चोराजवळ कुलपाच्या चाब्या काहून ठेवता?"

"अरे मैनाबाई, बच्चे हैं," सर म्हणाले.

"हौ, लेकरंच आहेत. माह्याच हातचं खाऊन मोठी झालेली. उद्यापासून दुसरी बाई पाहा."

आणि त्या गेल्या. मला ओरडावंसं वाटलं, मी आहे तो! पण पंख्याला एकच आवाज असतो, खट्‌-खट्‌, खट्‌-खट्‌. तो मी काढत होतोच. कोणी ऐकत नव्हतं. वर्षभर ऐकलेला आवाज कोणाला ऐकू येतो?

दुसरी बाई आली. वाईट नव्हती बिचारी. पण तिला कोणाचं नाव माहीत नव्हतं. जेवताना ओसरीवर नुसते चमच्यांचे आवाज. पौर्णिमाच्या ताटात दोनच पोळ्या पडायच्या आणि तिसरी मागायची तिला लाज वाटायची.

पुढचा शनिवार आला. चाव्या आता मोतीलाल सरांच्या खिशात. तो रविवार मी कसा काढला, विचारू नका. एरवी लाइट गेली की लोक वैतागतात, मी मात्र दिवसभर मनातल्या मनात म्हणत होतो, जा गं बाई, एकदाची जा. म्हणजे मी थांबेन. म्हणजे आकडा थांबेल. पण त्या रविवारी ती गेलीच नाही.

सोमवारी परत तीन युनिट.

राहुल म्हणाला, "आता काय मोतीलाल सर चोर?" दोघं-तिघं फिदीफिदी हसले. पौर्णिमा हसली नाही. चावी दुसऱ्याच्या खिशात आणि आकडा तोच, याचा अर्थ तिला तिथल्या तिथे कळला. आशालता मॅडम फक्त तिच्या पाठीवर हात ठेवून आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सगळे घरी गेले, पौर्णिमा एकटी मागे राहिली. तिनं खिडक्या लावल्या आणि परत बटणं मोजली. दहा टिका. सगळं बंद. मग ती मधल्या बाकावर डोकं टेकून बसली. बाकावर वहीचं एक सुटं पान पडलं होतं. ते फडफडलं. तिनं हात ठेवला, पान थांबलं. हात काढला, परत फडफडलं.

खिडक्या तर बंद होत्या.

तिनं मान वर केली.

मित्रांनो, माझ्याकडे आजवर किती जणांनी पाहिलं असेल! पण त्या पोरीनं तेव्हा जसं पाहिलं, तसं कोणी पाहू नये. मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी छतावर होतो, उघडा, आणि फिरत होतो. खट्‌-खट्‌. खट्‌-खट्‌. खाली रिकामी बाकं आणि ती.

"तू?" ती म्हणाली. मग तिची नजर लाल पट्टीवर गेली, कागदावरच्या स्वतःच्या नावावर गेली, आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "नाही. मी."

तिनं नखांनी पट्टी खरवडली. वर्षभराची टेप, तुकड्या-तुकड्यानं निघाली. तिचा हात बटणावर थांबला. मला कळलं ती का थांबली. बंद केल्यावर मी परत सुरू झालो नाही तर मी भंगारात जाणार होतो, आणि मला वाचवायचं वचन तिनंच दिलं होतं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी मनापासून म्हटलं, दाब पोरी. दाब.

खट्‌.

मी हळूहळू थांबलो. किती शांत झालं!

ती धावत गेली आणि मैनाबाईंना हाताला धरून, जवळजवळ ओढत, वर्गात घेऊन आली. मैनाबाईंच्या हाताला पीठ होतं.

"मैनामाय, हा पंखा होता. दिवसरात्र चालू. अन् पट्टी मीच लावली होती. मले माफ कर."

मैनाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा? हा लटकू?" मग तिच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "चार्जर त माह्याच होता, पोरी. हप्त्यातून एकदा लावते मी. माहा पोरगा वीरेंद्र पुण्याहून फोन करते त्या दिवशी, माह्या घरची लाइट गेली असली त. ते सरले विचारून लावते. तू मले काहून नाही विचारलं? रोज त माह्यापुढं ताट घेऊन उभी राह्यते."

पौर्णिमा रडायला लागली. मैनाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही.

"माफी इथं कोपऱ्यात मांगून राह्यली. चोर त साऱ्या शाळेपुढं म्हटलं होतं."

एवढं बोलून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली. टॉवर ओसरीवर उभी राहिली. आदल्या आठवड्यात ज्या जागेवरून तिनं अहवाल वाचला, त्याच जागेवर. हातात कागद नव्हता, लाल पट्टीचे तुकडे होते.

"मी मागच्या वेळी खोटं बोलली," ती म्हणाली. "म्हणजे तेव्हा मले खरं वाटलं होतं, पण मी पाहिलं नव्हतं. बिजली मैनामायनं नाही खाल्ली. माह्या पंख्यानं खाल्ली. ही पट्टी मी लावली होती. सगळ्यांच्या बटणांवर टिक लावत गेली अन् आपलंच बटण सोडलं. मैनामायले चोर म्हटलं, तर खरी चूक माही आहे. आता ज्याले हसायचं आहे त्यानं हसा."

कोणी हसलं नाही. राहुल उठला आणि म्हणाला, "चार्जर मी शोधला होता," आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मोतीलाल सर खाकरले. "और मैंने भी रोज वो पट्टी देखी थी, बेटा," ते म्हणाले आणि चाव्यांचा जुडगा हातात घेऊन स्वतः भिंतीपलीकडे मैनाबाईंच्या दाराशी गेले.

त्या दिवशी मैनाबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि सगळ्या वर्गानं नाकं वर केली! दुपारी पौर्णिमा ताट घेऊन रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिली. मैनाबाईंनी दोन पोळ्या वाढल्या. मग तिसरी. चौथी हातात धरून म्हणाल्या, "घे. अन् पुन्हा कोणाले चोर म्हणाचं असन त पोट भरून म्हण, उपाशी नको म्हणू."

माझं पुढे काय झालं? मॅडमनी वायरमन हेमराजदादांना बोलावलं. ते स्टुलावर चढले, जुना डबा काढला, नवा लावला आणि म्हणाले, "बस? एवढ्यासाठी दोन वर्षं बांबू?" दहा मिनिटंही लागली नाहीत. आता बटण दाबलं की मी आपला आपण सुरू होतो. बांबू परत जाळ्यांकडे गेला. आणि दादा खाली उतरायच्या आत पौर्णिमानं स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं माझी तिन्ही पाती पुसली.

आता रोज शाळा सुटली की टोली येते. अकरा बटणं, अकरा टिका. मैनाबाई कुलूप घेऊन दारात उभ्या असतात. त्यांना वाचता येत नाही. पहिल्याच दिवशी मी थांबलो तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "काय लिवलं हाये वं त्याच्यावर?"

पौर्णिमानं एकेका पात्यावर बोट रोखून वाचलं. "सप्रेम भेट. बंडोपंत गुरुजी. आणि..." ती थांबली. तिचे कान लाल झाले. "काम झालं की मला बंद करा."

मैनाबाई हसता हसता दाराला टेकल्या. "घ्या! हा लटकू इतक्या वर्षापासून सांगून राह्यला, अन् तुम्ही त्याले थांबूच नाही देल्लं!"

पण मित्रांनो, मी सांगत नव्हतो. गुरुजींनी माझ्या अंगावर लिहून ठेवलं होतं आणि मी ते फिरवून फिरवून पुसट केलं, धुळीखाली झाकलं. चालू राहणं म्हणजेच मोठेपणा, असं मला वाटत होतं. म्हणून आता तुमच्याकडे एकच मागणं. वर्गातून निघताना एकदा वर बघा, आणि जे तुम्हाला नेहमीचंच म्हणून दिसेनासं झालंय, तिथे आधी बघा. बोट दुसऱ्याकडे करण्याआधी.

आणि हो, सुरुवातीला मी वर बघू नका म्हटलं होतं ना? लाज अजून आहे. पण शाळा सुटल्यावर, मी थांबलेला असेन तेव्हा, खुशाल बघा. तेव्हा माझ्यावरचं वाचता येतं.